मिठाचा हिशेब वजनकाट्यावर नको

सकाळी फिरून झालं की आमच्या बागेतल्या कट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटं टेकायची पद्धत आहे. गेले दोन महिने तिथे मीठ हा एकच विषय चालू आहे. सुरुवात केली शेजारच्या काकूंनी. ‘एकवीस दिवस मीठ बंद’ असा कुठलासा उपक्रम मोबाइलवर पाहून त्यांनी घरी सुरू केला आणि सहाव्या दिवशी कट्ट्यावर जाहीर केलं, “पाच दिवसांत पावणेदोन किलो! नुसतं मीठ सोडलं हो, बाकी पोळी-भात सगळं चालू.” त्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका उसळले. “मिठाने काही होत नाही. आमचे आजोबा पानात मिठाचा ढीग घेऊन बसायचे. नव्वदीपर्यंत काठीसारखे सडसडीत होते. तुम्ही आपलं सैंधव आणा आणि पोटभर जेवा.” तेव्हापासून दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो मीठ म्हणजे विष, दुसरा म्हणतो डॉक्टरांनी आणि कंपन्यांनी मिळून रचलेलं थोतांड. गंमत अशी की दोघांचाही पुरावा एकच आहे: वजन. काकूंचं उतरलं म्हणून मीठ वाईट, आजोबांचं वाढलं नाही म्हणून मीठ चांगलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मीठ कमी करायलाच हवं, आणि थोडंथोडकं नव्हे, आज आपण खातो त्याच्या निम्म्यापर्यंत यायला हवं. पण ते वजन उतरवण्यासाठी नाही. मिठाचा हिशेब लागतो तो रक्तदाब मोजायच्या यंत्रावर. तो वजनकाट्यावर मांडला की दोन्हीकडून नुकसान होतं. वजनदार माणूस दहाव्या दिवशी काटा हलेनासा झाला की वैतागून लोणच्याची बरणी पुन्हा जवळ ओढतो, आणि सडपातळ माणसाला वाटतं, मला काय धाड भरली आहे?

काकूंचे पावणेदोन किलो खोटे नव्हते. काटाही बरोबर होता. उतरलं काय, एवढाच प्रश्न आहे. दवाखान्यात लावतात ती सलाइनची बाटली आठवा. तिच्यात लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं, कारण आपल्या रक्ताचा खारेपणा साधारण तेवढ्यावर सांभाळला जातो. मीठ जास्त झालं की शरीर त्याला पुरेल इतकं पाणी धरून ठेवतं. मीठ एकदम कमी केलं की मूत्रपिंडं चार-पाच दिवस जादा मीठ आणि त्याच्याबरोबरचं पाणी बाहेर सोडत राहतात. शरीरातलं ९ ग्रॅम मीठ गेलं की लिटरभर पाणी गेलं, म्हणजेच काट्यावर एक किलो गेला. त्यात अळणी भात दोन घास कमीच जातो. भात-पोळी कमी झाली की यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा उतरतो, आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही जातं. मग नवा समतोल बसतो आणि काटा थांबतो. आता चरबीचा हिशेब करा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. पावणेदोन किलो चरबी पाच दिवसांत जाळायची तर दिवसाला जवळजवळ २,७०० कॅलरींचा खड्डा पडायला हवा. काकूंनी पाचही दिवस अन्नाचा कणसुद्धा घेतला नसता तरी तो पडला नसता, कारण एवढ्या कॅलरी त्या दिवसभरात जाळतच नाहीत. पुढे त्या भाचीच्या लग्नाला गेल्या. मठ्ठा, भजी, पंचामृत, लोणचं. सोमवारी काट्यावर दीड किलो परत आलेला होता आणि काकूंचा चेहरा उतरलेला. लग्नाच्या एका पंगतीने दीड किलो चरबी चढत नाही. गेलेलं पाणी परत आलं, एवढंच. पण हे त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की आपल्याला जमत नाही.

आता दुसरी बाजू जेवढी भक्कम मांडता येईल तेवढी मांडतो, कारण कट्ट्यावर ती कोणी धड मांडली नाही. मिठाचा आणि वजनाचा काहीच संबंध नाही असं म्हणता येत नाही. ब्रिटनमधल्या २०१५ सालच्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की रोजच्या आहारात एक ग्रॅम मीठ जास्त असलेल्या प्रौढांमध्ये स्थूलतेचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी जास्त होता, आणि खाल्लेल्या कॅलरी हिशेबात धरूनही तो उरत होता. ऑस्ट्रेलियात ४८ जणांना कमी मिठाचा आणि जास्त मिठाचा मॅकरोनी-सॉस दुपारच्या जेवणाला दिला, तर जास्त मिठाच्या दिवशी लोकांनी अकराएक टक्के जास्त खाल्लं. मॉस्कोत मंगळाच्या सफरीची रंगीत तालीम झाली होती. बंद यानात महिनोन्‌महिने राहिलेल्या पुरुषांना आळीपाळीने दिवसाला १२, ९ आणि ६ ग्रॅम मीठ दिलं. मीठ वाढलं तेव्हा त्यांची भूक वाढली. हे सगळं बाजूला सारता येणार नाही. शेंगदाणे खारे असले की मूठ थांबत नाही, हे समजायला मॉस्कोला जायची तरी काय गरज?

पण नीट बघा, यातून सिद्ध काय होतं? ब्रिटनच्या पाहणीत कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत. जो जास्त जेवतो त्याच्या पोटात मीठही जास्त जातं. शिवाय किती खाल्लं हे लोक स्वतः सांगतात, आणि वजनदार माणसं ते हमखास कमी सांगतात. मी स्वतः सांगतो. मीठ मात्र लघवीत मोजलं होतं, आणि ते खोटं बोलत नाही. म्हणजे ‘कॅलरी हिशेबात धरल्या’ असं म्हणताना धरलेल्या कॅलरीच कमी असण्याची शक्यता मोठी. याहून महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. वीस माणसं, महिनाभर संस्थेतच मुक्काम. दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न, दोन आठवडे घरच्यासारखं रांधलेलं. दोन्ही ताटांत वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, चोथा आणि सोडियम यांचं प्रमाण सारखं ठेवलेलं. हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. तयार अन्नाच्या दोन आठवड्यांत लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि सरासरी ०.९ किलो वजन वाढवलं. दुसऱ्या दोन आठवड्यांत तेवढंच घटवलं. ताटात वाढलेल्या मिठाचं प्रमाण दोन्हीकडे सारखं होतं, तरी वजन दोन दिशांना गेलं. मग त्या फरकाचं खापर मिठावर कसं फोडणार?

म्हणून मला वाटतं, वजनाच्या बाबतीत मीठ किती यापेक्षा मीठ कशावर स्वार होऊन येतं हे विचारावं. काकडीच्या कोशिंबिरीतलं चिमूटभर मीठ आणि फरसाणातलं चिमूटभर मीठ रसायनशास्त्रात एकच. पण कोशिंबिरीचं वाडगं रिकामं झालं तरी पन्नास-साठ कॅलरीच पोटात गेलेल्या असतात, आणि फरसाणाच्या तेवढ्याच वाडग्यात एका जेवणाच्या कॅलरी असतात. उलट मी तर म्हणेन, वजन उतरवणाऱ्याला थोडं मीठ हाताशी हवंच. कारलं मीठ चोळून ठेवल्याशिवाय आपण करतो का? मीठ कडूपणा दाबतं. मेथी, शेपू, दोडका, दुधी या सगळ्या बिनभांडवली भाज्या माणसाच्या तोंडी लागतात त्या थोड्या मिठानेच. मीठ पार काढून टाकलं की पहिल्यांदा पानातून जाते ती भाजी, आणि चार वाजता भूक लागली की हाती येतं ते बिस्किट, कारण ते गोड असतं आणि अळणीच्या नियमात बसतं असा समज असतो. बिस्किटातही मीठ असतं, आणि खायच्या सोड्यातलं सोडियमही असतं, हा भाग वेगळा. काकूंच्या एकवीस दिवसांच्या तक्त्यात अळणी शिजवलेली दुधी होती. ती त्यांनी दोनदा केली. दोन्ही वेळा कामवाल्या बाईंना दिली.

मग मिठाकडे दुर्लक्ष करायचं का? इथे बँकवाल्या काकांच्या सडसडीत आजोबांकडे यावं लागतं. त्यांच्यासारख्यांचा एक अख्खा प्रदेश इतिहासात होऊन गेला आहे. उत्तर जपानातल्या अकिता भागात १९५०च्या दशकात लोक दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास मीठ खात. मिसो, सोया सॉस, हिवाळ्यासाठी मुरवलेल्या भाज्या. शेतात राबणारी, भात खाणारी, बारीक अंगाची माणसं. आपल्या काट्यावर उभी केली असती तर सगळी उत्तीर्ण. आणि त्याच भागात पक्षाघाताने माणसं ऐन चाळिशी-पन्नाशीत जात होती. १९५१ ते १९८० अशी तीस वर्षं संपूर्ण जपानात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात हेच होतं, आणि त्यात हा उत्तरेकडचा भाग आघाडीवर. बारीक असणं त्यांच्या कामी आलं नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट फिनलंडची. १९७०च्या दशकात तिथे हृदयविकाराने तरुण पुरुष पटापट मरत होते. सरकार, डॉक्टर, बेकरीवाले, सॉसेज करणारे सगळे कामाला लागले. १९९३ साली तर जास्त मिठाच्या मालावर तसं ठळक लिहिण्याची सक्तीच झाली. तीसेक वर्षांत तिथलं मीठ साधारण एक-तृतीयांशाने उतरलं, लोकसंख्येचा सरासरी रक्तदाब दहा अंकांहून अधिक खाली आला आणि पासष्टीच्या आतले हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे मृत्यू ७५ टक्क्यांहून जास्त घटले. सगळं श्रेय मिठाला देणं अप्रामाणिकपणाचं होईल. लोणी कमी झालं, सिगारेट कमी झाली. पण एक गोष्ट लक्षात घ्या: याच तीस वर्षांत फिनलंडची माणसं जाड झाली. मीठ उतरलं, वजन चढलं आणि रक्तदाब तरीही उतरला. अकिता आणि फिनलंड शेजारी ठेवून पाहा. कट्ट्यावरच्या दोन्ही पक्षांचा पुरावा तिथल्या तिथे गळून पडतो.

चीनमध्ये तर याची थेट परीक्षाच झाली. ६०० खेडी, जवळजवळ २१ हजार माणसं, सरासरी पाच वर्षं. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना ज्यात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड आहे असं मीठ. २०२१ साली निकाल आला: दुसऱ्या गटात पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. स्वयंपाक तोच, हात तोच, फक्त बरणीतलं मीठ वेगळं. (हे मीठ आपल्याकडेही मिळतं. पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. पोटॅशियम साचलं तर हृदयाच्या ठोक्यांवर येतं.)

मीठवाद्यांचे आणखी तीन मुद्दे आहेत आणि ते वजनाच्या मुद्द्यापेक्षा खरे आहेत. पहिला, मीठ जीवनावश्यक आहे. मान्य, शंभर टक्के. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. चंद्रपूरच्या मे महिन्यात रस्त्याचं डांबर ओतणाऱ्या माणसाला ‘पाच ग्रॅमच्या आत’ हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ऐकवू नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसाने आपल्या मनाने मीठ तोडलं तर सोडियम घसरून भ्रम होतो, माणूस पडतो. आमच्या नात्यात हे घडलं आहे. पण वातानुकूलित खोलीत बसून फाफडा खाणाऱ्याने त्या डांबरवाल्याच्या घामाचा दाखला आपल्यासाठी का वापरावा?

दुसरा मुद्दा, फार कमी मीठही वाईट असं सांगणारे अभ्यास आहेत. आहेत. हृदयविकारावर संशोधन करणाऱ्या सलीम युसूफ यांच्या गटाच्या पाहणीत अगदी कमी सोडियम खाणाऱ्यांमध्येही मृत्यू जास्त दिसले होते. त्यांच्या मोजमापावर आक्षेप आहेत, कारण एका वेळच्या लघवीवरून दिवसभराचं मीठ ताडलं होतं, शिवाय आजारी माणूस कमी जेवतो म्हणून कमी मीठ खातो. पण तो वाद क्षणभर त्यांच्या बाजूने सोडवला तरी पहिल्या पावलाला अडचण नाही. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांत आपलं मीठ ८ ते ११ ग्रॅमच्या घरात सापडतं. त्यांची खालची रेघ तीन ग्रॅम सोडियमची, म्हणजे साडेसात ग्रॅम मिठाची. दहावरून आठवर येताना तीसुद्धा ओलांडली जात नाही; त्याखाली जायचं ते त्यांच्या मोजमापावरचे आक्षेप मान्य करूनच.

तिसरा मुद्दा सैंधवाचा. त्यातही ९५ टक्क्यांहून जास्त सोडियम क्लोराइडच आहे. उरलेल्या खनिजांचा गुण यावा म्हणून खायचं तर ते पावशेरावारी खावं लागेल. जाड खडे असले की चमच्यात पोकळी राहते आणि मीठ कमी पडतं, एवढाच काय तो फायदा. उलट साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. कांगडा खोऱ्यात १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगाने दाखवून दिलं की आयोडीनयुक्त मिठाने गावंच्या गावं गलगंडातून सुटतात. ते पुण्य आपण उपासाच्या फॅशनपायी घालवतो आहोत.

राहिला भावनेचा प्रश्न. काका परवा म्हणाले, “ज्या मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ते सोडा म्हणता?” दांडी झाली, आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये सत्याग्रहींनी मार खाल्ला, वडाळ्यालाही खाल्ला. पण तो मार जास्त मीठ खायला मिळावं म्हणून होता का? सरकारने गरिबाच्या चुलीवर कर का लावावा, आपल्या समुद्राचं मीठ आपण का उचलू नये, हा तो प्रश्न होता. आणि ज्यांनी दांडीला मीठ उचललं त्या गांधींनी त्याच्या कितीतरी आधी, दक्षिण आफ्रिकेत, आजारी कस्तुरबांना मीठ आणि डाळी सोडायचा आग्रह केला होता. “तुम्हालासुद्धा सुटणार नाही,” असं त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे स्वतः वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. (बायकोशी असं वागावं की नाही हा वेगळ्या लेखाचा विषय.) आपल्या पोटात किती मीठ जातं हे कोण ठरवतं, हा प्रश्न आजही तसाच आहे, फक्त ठरवणारा बदलला. नूडल्सच्या एका पाकिटात दोन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. पाकिटामागे बारीक अक्षरात सोडियमचे मिलिग्रॅम छापलेले असतात, त्यांना अडीचने गुणायचं, मग मीठ कळतं. चिलीने २०१६ पासून अशा मालावर दर्शनी भागी इशाऱ्याचा काळा अष्टकोन छापायला लावला. आपल्याकडे २०२२ साली मसुदा आला तो मालाला गुणांप्रमाणे चांदण्या देण्याचा, म्हणजे खारट मालालासुद्धा एखादी चांदणी मिळायची सोय.

तरीही सगळं पाप पाकिटांच्या माथी मारून आपण सुटू शकत नाही. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ कारखान्यातून येतं. आपल्याकडे ते बहुतेक आपल्याच हाताने पडतं. हे मला घरच्या एका साध्या प्रयोगातून कळलं. मिठाचं नवं किलोचं पाकीट फोडताना मी त्यावर पेनाने तारीख टाकली. घरात चार माणसं. चोविसाव्या दिवशी पाकीट संपलं. हजार भागिले चोवीस भागिले चार: दहा ग्रॅमच्या वर. थोडं भांड्यात, थोडं पाण्यात वाया गेलं असेल. पण बाहेरचा वडापाव, ऑफिसमधलं सँडविच आणि वाण्याकडून आलेले पापड यात धरलेलेच नाहीत, आणि एका पापडातच अर्धा ग्रॅम मीठ निघतं.

मग दर पाकिटाला तारीख पडू लागली. कणकेतलं मीठ बंद केलं, भाताच्या पाण्यातलं बंद केलं. दोन्ही कोणाच्या लक्षातही आलं नाही. सटातला चमचा बदलून चहाचा अर्धा चमचा ठेवला. आमटी पहिले दहा दिवस पाणचट लागली, दीड-दोन महिन्यांनी बाहेरची खारट लागायला लागली. अडलं ते फक्त आईपाशी. पानात डाव्या हाताला मीठ वाढलेलं नसलं की तिला पान वाढल्यासारखंच वाटत नाही. “सुनं दिसतं रे,” ती म्हणते. तेव्हा आता मीठ वाढतो, पण बोटाच्या चिमटीत येईल तेवढंच, आणि ते बहुतेक वेळा ताटाबरोबर मोरीत जातं. गेलं पाकीट सदतीस दिवस पुरलं. पावणेसात ग्रॅम. पाचच्या आत अजून आलेलो नाही.

परवा कट्ट्यावर हे सांगितलं. माझा रक्तदाब १४२ होता, आता तीन वेळा मोजला तर १३० ते १३३च्या मध्ये येतो, हेही सांगितलं. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“आणि वजन किती उतरलं?”

“चौऱ्याहत्तर होतं, चौऱ्याहत्तरच आहे.”

“मग उपयोग काय झाला?” काकू म्हणाल्या.